लसीपासून लघवीपर्यंत: पुण्यातल्या घरात मांजर निरोगी ठेवायचं तर

कुत्र्याला बरं नसलं की अख्ख्या जिन्याला कळतं. मांजराला बरं नसलं तर ते गुपचूप पलंगाखाली किंवा वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन बसतं, आणि घरातले कौतुकाने म्हणतात, "आज किती शहाण्यासारखं बसलंय!" मांजर स्वतः शिकारी खरं, पण आकाराने लहान, त्यामुळे दुसऱ्या कुणाची शिकारही होऊ शकणारं. दुखणं चारचौघांत दाखवणं त्याच्या रक्तातच नाही. म्हणून मांजराच्या आजारपणातले पहिले दोनतीन दिवस बहुतेक घरांत वाया जातात. पुढे जे सांगतेय ते मुख्यतः हे दिवस वाया जाऊ नयेत म्हणून. औषधांचे डोस मुद्दाम दिलेले नाहीत. ते वजन बघून डॉक्टरांनी ठरवायचे. पण डॉक्टरकडे कधी जायचं, सोबत काय न्यायचं आणि कधी एक तासही थांबायचं नाही, हे घरातल्या माणसालाच ठरवावं लागतं.

पिल्लू घरात येतं तेव्हा

पुण्यात पर्शियन पिल्लं विकत घेणारे वाढलेत, तरी बहुतेक मांजरं अजूनही सोसायटीच्या पार्किंगमधूनच घरात येतात, आणि तीही ऐन पावसाळ्यात. पिल्लू एकटं दिसलं की लगेच उचलू नका. आई खाणं शोधायला गेलेली असते. दोनतीन तास लांबून लक्ष ठेवा; जवळ उभे राहिलात तर ती फिरकणारच नाही. अंग गार पडलंय, मुंग्या लागल्यात, जखम आहे किंवा पिल्लू भिजतंय, असं असेल तर मात्र वाट बघत बसू नका.

गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्या, मग खाणं. टॉवेलमध्ये गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली शेजारी ठेवली तरी पुरतं. अंग थंड असताना पोटात गेलेलं दूध पचत नाही, उलट जिवावर बेतू शकतं. आणि दूध म्हणजे पिशवीतलं गाईचं-म्हशीचं दूध नव्हे. त्याने जुलाब लागतात, आणि एवढ्याशा जिवाला जुलाब झेपत नाहीत. मांजराच्या पिल्लांसाठी दुधाची पावडर मिळते, तीच आणा. जन्मतः पिल्लू साधारण १०० ग्रॅमचं असतं आणि रोज १० ग्रॅमच्या आसपास वाढतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज ठरावीक वेळी वजन करून लिहून ठेवा. सलग दोन दिवस वजन वाढलं नाही तर पिल्लू कितीही खेळत असलं तरी डॉक्टरकडे न्या.

घरात आधीचं मांजर असेल तर नव्याला किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत, निदान जादाच्या बाथरूममध्ये ठेवा. भांडी, शी-लघवीचा ट्रे, टॉवेल सगळं वेगळं. कारण पॅनल्यूकोपेनिया, ज्याला लोक मांजरांचा पार्व्हो म्हणतात. उलट्या, जुलाब, खाणं बंद, आणि लस न झालेलं पिल्लू चारपाच दिवसांत हातचं जातं. हा विषाणू घरात वर्षभरसुद्धा टिकून राहू शकतो. फिनेलचा त्यावर भरवसा नाही, शिवाय फिनेल मांजरांसाठी स्वतःच विष आहे. फरशीला आणि ट्रेला एक भाग घरगुती ब्लीच आणि ३२ भाग पाणी असं मिश्रण लावा, दहा मिनिटं राहू द्या, मग स्वच्छ पाण्याने धुऊन काढा. तोवर मांजर दुसऱ्या खोलीत.

डॉक्टर आधी शोधायचा

पाटीवर 'बी. व्ही. एस्सी. अँड ए. एच.' ही पदवी आणि महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक असायला हवा. पेट शॉपवाला किंवा औषधाच्या दुकानातला मुलगा कितीही माहितगार वाटला तरी तो डॉक्टर नाही. पहिल्या भेटीत बिनधास्त विचारा: एक्स-रे आणि रक्ततपासणी इथेच होते का? मांजराला सलाईन लावून ठेवून घेता का? रात्री कोण असतं? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. "चोवीस तास सेवा" असा बोर्ड असलेल्या ठिकाणी रात्री अकराला एकदा फोन करून बघा. कोण उचलतं, काय सांगतं, त्यावरून सगळं कळतं. असे दोन नंबर फ्रिजवर लावून ठेवा.

खर्चाची अडचण असेल तर औंधला पशुसंवर्धन खात्याचं पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. रस्त्यावर जखमी मांजर दिसलं तर बावधनची रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट अशा प्राण्यांसाठी काम करते. आपल्या घरच्या मनीच्या जंताच्या औषधासाठी त्यांना फोन करू नये, एवढी समज आपण ठेवायची.

लसी

मांजराची मुख्य लस तीन आजारांवर एकत्र असते: हर्पीसमुळे होणारी सर्दी, कॅलिसी (सर्दी आणि तोंडात फोड आणणारा विषाणू) आणि पॅनल्यूकोपेनिया. दवाखान्यात तिला 'ट्रायकॅट' किंवा नुसतं 'थ्री-इन-वन' म्हणतात. पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात, मग दर तीनचार आठवड्यांनी, आणि शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावर. हे शेवटचं बरेच जण चुकवतात. दोन टोचण्या झाल्या, आता बस, असं नसतं. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात असते तोवर लस नीट लागू पडत नाही, आणि ती नेमकी कधी ओसरते ते पिल्लागणिक बदलतं. म्हणून १६ आठवड्यांपर्यंत पुन्हापुन्हा टोचावं लागतं. त्यानंतरचा बूस्टर सहा महिने ते वर्षाच्या वयात. पुढचं वेळापत्रक डॉक्टर मांजराचं राहणीमान बघून ठरवतील.

"आमचं बाहेर जातच नाही, मग लस कशाला?" हा प्रश्न नेहमीचा. पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू तुमच्या चपलेला चिकटून घरात येतो. तुम्ही तर बाहेर जाताच.

रेबीजची लस १२ आठवड्यांनंतर, आणि आपल्याकडे दरवर्षी. यात सवलत नाही. रेबीज झाल्यावर ना मांजर वाचतं ना माणूस. प्रमाणपत्र जपून ठेवा, कारण २०२२ च्या अखेरीस पुणे महापालिकेने कुत्र्यांप्रमाणे पाळीव मांजरांनाही परवाना लावायचं ठरवलं, आणि त्यासाठी हेच प्रमाणपत्र लागतं. अनोळखी मांजर चावलं किंवा रक्त येईल असं ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून, कारण आपल्याला वाटणारी पंधरा मिनिटं प्रत्यक्षात दोनच असतात. हळद, चुना, तिखट काही लावू नका. तिथून रेबीजच्या लसीसाठी थेट ससून किंवा महापालिकेचं कमला नेहरू रुग्णालय. स्वतःचं लस झालेलं मांजर खोल चावलं तरी डॉक्टरांना हात दाखवा. मांजराचे दात सुईसारखे आत जातात, वरची जखम मिटते आणि आत पू धरतो.

लस दिल्यावर एखादा दिवस मांजर मलूल राहतं, ते ठीक. टोचल्याजागी आलेली गाठ तीन महिन्यांनंतरही राहिली, दोन सेंटिमीटरहून मोठी झाली किंवा महिना उलटल्यावरही वाढतच असली, यातलं काहीही झालं तर दाखवायलाच हवं.

जंत आणि पिसवा

पिल्लांना तिसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला, दोन महिन्यांनंतर महिन्याला एकदा, आणि सहा महिन्यांनंतर साधारण दर तीन महिन्यांनी जंताचं औषध. शेपटीखाली किंवा अंथरुणावर तांदळाच्या कणीसारखं काही दिसलं तर ते पट्टकृमीचे तुकडे असतात. हा जंत पिसवांमधून होतो, म्हणजे जंताच्या गोळीसोबत पिसवांचाही बंदोबस्त करावा लागतो, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच.

पावसाळ्यात पिसवा हमखास वाढतात. मानेवर टाकायचं औषध घ्या, पण पाकिटावर मांजराचं चित्र आणि वजनाचा गट बघूनच. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. ते मांजराच्या अंगावर पडलं तर थरथर सुटते, आकडी येते, मरणसुद्धा ओढवतं. कुत्र्याचंच औषध 'अर्धं टाकू' हा हिशेब करू नका. घरात दोन्ही प्राणी असतील तर कुत्र्याला औषध टाकल्यावर ते सुकेपर्यंत, आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस, मांजराला त्याच्या कुशीत झोपू देऊ नका.

दूधभात नको, मग काय?

मांजर पक्कं मांसाहारी आहे. त्याला टॉरिन नावाचं अमिनो आम्ल अन्नातून मिळावंच लागतं. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी दाखवून दिलं की टॉरिन कमी पडल्याने मांजराचं हृदय फुगतं आणि निकामी होतं. त्याआधी टॉरिनअभावी दृष्टी जाते हे माहीत होतं. मग तयार खाद्यात टॉरिन वाढवलं गेलं आणि तसले हृदयरोगी झपाट्याने कमी झाले. आपल्या वाड्यांमधली मांजरं दूधभातावर जगत होती, हे खरं. पण ती दिवसभर उंदीर, पाली, चिमण्या खात हिंडत होती. सातव्या मजल्यावरच्या मांजराला ती सोय नाही. शिवाय मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना दूध पचत नाही.

सरळ मार्ग म्हणजे 'कम्प्लीट' असं लिहिलेलं मांजराचं खाद्य, थोडं कोरडं आणि जमेल तेवढं ओलं. घरचं चिकन द्यायचं तर मीठ, हळद, कांदा, लसूण काहीही न घालता उकडा, आणि उकडलेलं पाणी फेकू नका. टॉरिन पाण्यात उतरतं. कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, म्हणून कालवणातला तुकडा 'धुऊन' देणंही बरोबर नाही. शिजलेली हाडं नकोत, ती टोकदार फुटतात. सुकट-बोंबील मांजराला जीव की प्राण, पण त्यात मीठ फार. कधीतरी वासापुरतं ठीक. आणि फक्त घरच्या चिकनवर मांजर वाढवणं म्हणजे कॅल्शियमची बोंब. तसं करायचंच असेल तर डॉक्टरांकडून पूरक औषधं लिहून घ्या.

पाणी दर किलोमागे दिवसाला साधारण ५० मिली लागतं, अन्नातलं धरून. ओलं खाणाऱ्या मांजराला वाडगं फारसं लागत नाही. नुसतं कोरडं खाणाऱ्याला लागतं, आणि नेमकं तेच पुरेसं पीत नाही. खाण्याच्या ताटलीपासून लांब, घरात दोनतीन ठिकाणी पसरट भांड्यांत पाणी ठेवून बघा.

ट्रे, म्हणजे रोजचा रिपोर्ट

आता खरा विषय. मांजराच्या तब्येतीची बातमी सगळ्यात आधी ट्रेमध्ये लागते, आणि घरात कुणालाच ट्रेजवळ जायचं नसतं.

जितकी मांजरं, त्याहून एक ट्रे जास्त, हा नियम. ट्रेची लांबी मांजराच्या दीडपट. पेट शॉपमधले बरेच ट्रे पिल्लांच्याच मापाचे असतात. हार्डवेअरच्या दुकानातलं पसरट प्लॅस्टिकचं घमेलं स्वस्तात मस्त काम देतं. बेंटोनाइटची वाळू घ्या, ती लघवीचा गोळा बांधते आणि गोळे मोजता येतात. ती कमोडमध्ये ओतू नका. प्लंबर पहिली शिवी तुम्हालाच घालेल.

रोज सकाळी गोळे काढताना दोन सेकंद बघा. बहुतेक मांजरं दिवसाला दोन ते चार वेळा लघवी करतात. तुमच्या मांजराचा नेहमीचा आकडा काय, गोळ्याचा आकार केवढा, हे डोक्यात बसलं की बदल लगेच खटकतो. गोळे अचानक मोठे आणि जास्त झाले तर मूत्रपिंड, मधुमेह किंवा थायरॉईडची शंका. गोळे सुपारीएवढे बारीक आणि वारंवार असतील, गुलाबी छटा असेल तर मूत्राशयाची सूज. आणि बोका असेल आणि गोळाच नसेल, तर हातातलं सगळं काम टाका.

हे जरा जवळून सांगते. बोक्याचा मूत्रमार्ग लांब आणि टोकाशी अगदी अरुंद. चिकट द्राव, खडे किंवा बारीक स्फटिक अडकले की तो बंद होतो. बोका ट्रेमध्ये जातो, पाठ ताणून बसतो, काही होत नाही, बाहेर येतो, पाच मिनिटांनी पुन्हा जातो. मध्येच बाथरूमच्या जाळीवर किंवा बेसिनमध्ये जाऊन बसतो. मागचा भाग सारखा चाटतो. बसल्या जागी वेगळ्याच आवाजात ओरडतो. घरातले म्हणतात, "बद्धकोष्ठ झालंय, थोडं तूप घाला." मग शेजारून धण्या-जिऱ्याच्या पाण्याचा सल्ला येतो. अहो, बाहेर पडायला वाटच बंद आहे, आत आणखी पाणी भरून काय साधणार? लघवी तुंबली की रक्तात पोटॅशियम चढतं, हृदयाचे ठोके बिघडतात, आणि एकदोन दिवसांत बोका जातो. पोट दाबून बघू नका, मूत्राशय फुटू शकतं. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा आणि फोनवर एवढंच सांगा: "बोक्याची लघवी बंद आहे." ज्याला कळतं तो डॉक्टर पुढे काही विचारणार नाही, या म्हणेल. नसबंदी झालेल्या बोक्यालाही हे होतं. भाटीला अशी पूर्ण अडचण क्वचित होते, पण मूत्राशयाची सूज तिलाही होते.

या आजाराला ताण मोठा कारणीभूत असतो. घराला रंग, नवा पाहुणा, दुसरं मांजर, दिवाळीचे फटाके, गणपतीआधी रोज संध्याकाळी चालणारा ढोल-ताशाचा सराव. अशा दिवसांत आतल्या खोलीत, खिडकी बंद करून, लपायला एक खोकं आणि जवळच एक ट्रे असं ठेवा आणि गोळे जरा जास्त लक्ष देऊन मोजा.

ट्रेवरूनच निघणारा आणखी एक घरगुती वाद: सून गरोदर आहे, आता मांजर बाहेर काढा. आजीला वाटणारी काळजी खोटी नाही, पोटातल्या बाळाला बाधू शकणारा टोक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू खरंच असतो. पण मांजराच्या शीमधून पडलेला हा जंतू लागण करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणजे ट्रे रोज साफ झाला आणि तो गरोदर बाईने नाही तर नवऱ्याने केला, तर धोका फारच कमी. कच्चं-अर्धकच्चं मटण आणि न धुतलेली भाजी हे जास्त मोठे मार्ग आहेत. तेव्हा मांजर घरातच राहू द्या आणि ट्रेचं खुरपं नवऱ्याच्या हातात द्या.

नसबंदी

पाच महिन्यांच्या सुमारास करून टाकावी. भाटी चौथ्या महिन्यातही माजावर येऊ शकते, आणि गाभण राहिली की साधारण ६३ ते ६५ दिवसांत पिल्लं. जमिनीवर लोळणं, मागचा भाग उचलणं, रात्रभर ओरडणं हे पहिल्यांदा बघणाऱ्याला पोटदुखी वाटते. तो माज असतो. मिलन झालं नाही तर दोनतीन आठवड्यांनी पुन्हा तेच. "एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत" याला वैद्यकीय आधार काही नाही. उलट पहिल्या माजाआधी ऑपरेशन झालेल्या भाटीला स्तनाच्या कॅन्सरचा धोका खूपच कमी असतो, आणि मांजरांत या गाठी बहुतेक वेळा वाईटच निघतात. माज थांबवायच्या गोळ्या-इंजेक्शनांच्या नादी लागू नका. गर्भाशयात पू होणं आणि स्तनाच्या गाठी हे त्यांचे ठरलेले परिणाम.

ऑपरेशनआधी किती तास उपाशी ठेवायचं ते डॉक्टर सांगतील तेवढंच. पिल्लांना फार वेळ उपाशी ठेवलं तर साखर उतरते. नंतर टाक्यांना तोंड लागू नये म्हणून गळ्यात शंकूसारखी कॉलर दहा ते चौदा दिवस. मांजर केविलवाणं बघेल, दारांवर आपटेल, तुम्हाला दया येईल. काढू नका. टाके दातांनी उसवायला त्याला दहा मिनिटं पुरतात. आणि नसबंदीनंतर भूक वाढते पण गरज कमी होते, म्हणून खाणं मोजून.

घरातली विषं आणि उघडी बाल्कनी

सगळ्यात आधी औषधाचा डबा. अंग गरम लागलं म्हणून मांजराला पॅरासिटामॉल देणारे सुशिक्षित लोक आहेत. मांजराच्या यकृताला ते पचवताच येत नाही. एक गोळी जीव घ्यायला पुरते. हिरड्या तपकिरी पडतात, चेहरा आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. आयबुप्रोफेनही तसंच वाईट. माणसाच्या डब्यातलं काहीही स्वतःच्या मनाने द्यायचं नाही.

वाढदिवसाच्या गुच्छातली लिली घरात आणू नका. पान, पाकळी, अंगावर पडलेला पराग चाटणं, फुलदाणीतलं पाणी, कशानेही मूत्रपिंडं बंद पडतात, आणि लक्षणं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. सोसायट्यांच्या बागेत लावलेला सायकस, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, उंदराचं औषध, टी ट्री तेल हीही यादीत धरा. काही खाल्लं असेल तर मीठ-पाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न करू नका. पाकीट किंवा झाडाची फांदी घेऊन निघा.

दोरा वेगळाच शत्रू. संक्रांतीनंतरचा मांजा, शिवणाचा दोरा, सजावटीची झिरमिळी मांजराच्या खरखरीत जिभेवरून सरळ आत जाते. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका. त्याचं दुसरं टोक आत अडकलेलं असेल तर आतडं चिरतं.

बाल्कनीला कबुतरांची नायलॉन जाळी पुरेशी नाही, मांजर ती कुरतडतं. धातूची जाळी लावा आणि सरकत्या खिडक्यांनाही पक्की जाळी हवी. उंचावरून पडलेलं मांजर उठून चालू लागलं तरी छातीत हवा भरलेली, टाळू फाटलेला, जबडा मोडलेला असू शकतो. "बघा, मांजर पायांवरच पडतं" म्हणत घरी ठेवू नका.

महिन्याची दहा मिनिटं

महिन्यातून एकदा, मांजर पेंगत असताना, पुढच्या गोष्टी बघा. आधी वजन. त्याला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकटे, फरक लिहा. चार किलोच्या मांजराचं ४०० ग्रॅम वजन घटणं म्हणजे साठ किलोच्या माणसाचं सहा किलो घटणं. केसांमुळे ते डोळ्यांना दिसत नाही, काट्याला दिसतं.

मग ओठ वर करून हिरड्या: फिकट गुलाबी हव्यात. पांढुरक्या, पिवळट किंवा दाताच्या कडेने लालभडक नकोत. (नारिंगी मांजरांच्या ओठांवर वयानुसार काळे ठिपके येतात, त्यांना बहुधा घाबरायचं कारण नसतं.) तोंडाला घाण वास, एका बाजूने चावणं, खायला येऊन ताटलीपासून मागे फिरणं हे दातांचं दुखणं.

गाढ झोपेत श्वास मोजा. अर्धा मिनिट, गुणिले दोन. मिनिटाला ३० च्या आत हवेत. सतत जास्त असतील तर हृदय किंवा फुप्फुसाची तपासणी हवी. आणि चेहरा बघा. मॉन्ट्रियल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पट्टी मांडली: कान बाजूला वळलेले, डोळे अर्धवट मिटलेले, थोबाड ताणलेलं, मिशा ताठ, डोकं खांद्यांच्या खाली. यातल्या दोनतीन गोष्टी एकत्र दिसल्या तर मांजर 'शांत' नाही, ते सोसतंय.

दवाखान्यात नेताना

कापडी पिशवी, चेन लावलेली सॅक, भाजीची बास्केट नको. कडक प्लॅस्टिकचा, वरचं झाकण निघणारा कॅरियर घ्या आणि तो कायम उघडा, खाली जुनी चादर घालून घरातच ठेवा. अधूनमधून त्यात खाऊ. दवाखान्याच्या दिवशीच माळ्यावरून काढलात तर मांजर सोफ्याखाली गेलंच म्हणून समजा. स्कूटरच्या पायाशी ठेवून नेण्यापेक्षा रिक्षा बरी. कॅरियरवर टॉवेल टाका. दवाखान्यात तो जमिनीवर ठेवू नका, खुर्चीवर ठेवा, कुत्र्यांकडे पाठ करून. फार घाबरणाऱ्या मांजराला आधी घरी द्यायचं औषध असतं, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

सोबत न्या: वजनाची वही, लसीचं पुस्तक, काय दिसलं त्याचा मोबाईलवरचा व्हिडिओ (मांजर टेबलावर ठेवलं की खोकला गायब होतो), ताजी शी डबीत, खाद्याच्या पाकिटाचा फोटो.

गोळी देणं

निम्मे उपचार इथेच फसतात. मांजराला ओट्यावर, पाठ तुमच्याकडे करून बसवा. मानगूट पकडून लटकवायचं नाही. डाव्या हाताचा अंगठा आणि मधलं बोट वरच्या गालफडाच्या दोन्ही बाजूंना, आणि डोकं छताकडे वळवा. खालचा जबडा आपोआप सैल पडतो. उजव्या हाताच्या चिमटीत गोळी, मधल्या बोटाने खालचे पुढचे दात हलके दाबा, आणि गोळी जिभेच्या मुळाशी, अगदी मधोमध सोडा. कडेला पडली तर फेसासकट तुमच्या पायावर येईल. तोंड मिटवून धरा. जिभेने नाक चाटलं की गिळली.

इथे थांबू नका. सुईविरहित सिरिंजने गालाच्या कडेने पाच मिली पाणी थेंबाथेंबाने द्या किंवा लगेच ओलं खाणं पुढे करा. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून राहते, आणि डॉक्सिसायक्लिनसारखं औषध तिथे भाजल्यासारखी जखम करतं, जी भरताना नळी आकसते. जमतच नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा. पातळ औषध किंवा इंजेक्शन निघू शकतं. गोळी दिली असं खोटं सांगितलंत तर डॉक्टर उगाच औषध बदलत बसतील.

एक तासही थांबायचं नाही

- बोक्याची लघवी बंद.
- तोंड उघडं ठेवून श्वास, किंवा श्वासाला पोट हलतंय. कुत्रा धापतो, मांजर सहसा धापत नाही.
- मागचे पाय अचानक लुळे, गार, आणि मांजर किंचाळतंय. हृदयातली गुठळी मागच्या धमनीत अडकलेली असू शकते.
- आकडी, विष, लिली, उंचावरून पडणं.
- हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर.
- पिल्लाला उलट्या-जुलाब.

एक दिवस खाल्लं नाही तर त्याच दिवशी फोन, दोन दिवस झाले तर दाखवणं भाग. लठ्ठ मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साठते आणि यकृतच बसतं. कुत्र्यासारखं "लंघन घडलं, बरं झालं" इथे चालत नाही.

म्हातारं मांजर

सात वर्षांनंतर दरवर्षी रक्त, लघवी आणि रक्तदाबाची तपासणी. दहा-अकरानंतर वर्षातून दोनदा. म्हातारपणी मूत्रपिंडाचा आजार सगळ्यात जास्त दिसतो, आणि रक्ततपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) वाढतं तोवर बरंचसं मूत्रपिंड गेलेलं असतं. वहीतली वजनाची उतरण आणि ट्रेमधले मोठे होत गेलेले गोळे त्याच्या आधी सांगतात. उडी मारायचं बंद झालं तर ते 'वय झालं' नसून सांधेदुखी असते. ट्रेची एक कड कापून बुटकी करा, आवडत्या खिडकीखाली स्टूल ठेवा. मूत्रपिंडाच्या मांजराला त्वचेखाली सलाईन घरीच द्यायला डॉक्टर शिकवतात. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवून अंगाइतकी उबदार करा आणि मनगटावर दोन थेंब टाकून बघा, गार सलाईनला मांजर उठून जातं. सुई प्रत्येक वेळी नवी, आणि वापरलेल्या सुया घरच्या कचऱ्यात न टाकता जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत साठवून दवाखान्यात परत द्या.